गोळी थांबवल्यावर डोक्यात झटके का बसतात?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वडील गेल्यानंतर माझी झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि तीन-चार महिन्यांत मी पुन्हा माणसांत आले. पुढे दीड वर्ष गोळी चालू होती. यंदा श्रावण लागला तेव्हा वाटलं, आता मी बरी आहे, कशाला हवी गोळी? डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद केली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी फळ्यावरून मुलांकडे मान वळवली आणि डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसला. तेव्हापासून नजर डावी-उजवीकडे फिरवली की झटका, उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी, रात्री अगदी खरी वाटणारी भयानक स्वप्नं आणि मधूनच उगाच रडू. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. बीपी, शुगर नॉर्मल आहे. आता मेंदूचा एमआरआय सांगितलाय. सासूबाई म्हणतात, गोळीची सवय लागली, आता सुटायची नाही. मला भीती आहे ती वेगळीच : आजार परत आला की काय? आज अकरावा दिवस आहे. मी काय करू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तातडीचं होतं ते तुम्हाला आधीच कळवलं आहे. ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना फोन करा, कोणत्या तारखेला बंद केली ते सांगा आणि पुढचं पाऊल त्यांच्या सल्ल्याने टाका. एमआरआय करायला सांगणाऱ्या डॉक्टरांनाही हे सांगा. तुमच्या पत्रावरून वाटतं की ते त्यांना ठाऊकच नाही. मनाच्या आजाराची गोळी आपण इतकी लपवून घेतो की ती बंद केल्याचंही कुणाला सांगत नाही, आणि मग डोकं, कान, मान यांच्या तपासण्यांवर पैसे खर्च होत राहतात.

तुम्हाला जे होतंय ते खरं आहे. ते मनाचे खेळ नाहीत. नैराश्यावरची गोळी एकदम थांबवल्यावर दिसणारी ही लक्षणं डॉक्टरांना चांगली परिचित आहेत : डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, गरगरणं, मळमळ, फ्लू झाल्यासारखी अंगदुखी, घाम, हातापायांना मुंग्या, झोपेची मोडतोड, स्पष्ट आणि भीतिदायक स्वप्नं, चिडचिड, घाबरल्यासारखं होणं, एकाएकी डोळे भरून येणं. नजर बाजूला वळवताना झटका बसतो ही तुम्ही टिपलेली गोष्ट तर हा त्रास झालेले कितीतरी लोक अगदी याच शब्दांत सांगतात. हे झटके नेमके कशामुळे बसतात याचा उलगडा विज्ञानाला अजून झालेला नाही. पण त्यांनी मेंदूला इजा होते असं दिसलेलं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता थोडं आत शिरू. मेंदूतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडलं जातं आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतलं जातं. एस्सिटालोप्रॅमसारखी औषधं हे परत ओढणारं दार अडवून धरतात, म्हणून फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. महिनोन्‌महिने अशी स्थिती राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. सेरोटोनिनला प्रतिसाद देणारी यंत्रणा आपली संवेदनशीलता बदलते, आणि झोप, तोल, पोट, घाम असं जे जे या रसायनाशी बांधलेलं आहे ते सगळं नव्या मापाने चालू लागतं. तुम्ही एका दिवसात गोळी काढून घेतलीत. औषध काही दिवसांत शरीराबाहेर गेलं, पण मेंदूला जुन्या मापावर परतायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मधल्या या तफावतीतून त्रास उभा राहतो. स्वप्नांचंही असंच आहे. ही औषधं झोपेतला स्वप्नांचा टप्पा दाबून ठेवतात, आणि औषध गेलं की तो टप्पा उसळून वर येतो.

सासूबाईंचं म्हणणं एका अर्थी चूक आणि एका अर्थी बरोबर आहे. दारू किंवा तंबाखूसारखं हे व्यसन नाही. गोळीची तलफ येत नाही, तिने नशा चढत नाही, मात्रा वाढवत न्यावी असं वाटत नाही. पण शरीर औषधाला सरावतं, हे मात्र खरं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सासूबाईंना शांतपणे समजावून सांगा. ‘सुटायची नाही’ हे मात्र अजिबात खरं नाही. नीट उतरवत आणली तर बहुतेकांची गोळी सुटते.

हा त्रास वैद्यकाला नवा नाही. नैराश्यावरचं सुरुवातीचं एक औषध, इमिप्रॅमिन, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आलं आणि ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद १९५९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली, त्या कुळातली औषधं जगभर पसरली, आणि ‘औषध सुरू कसं करायचं’ यावर ढीगभर संशोधन झालं. ‘थांबवायचं कसं’ हा प्रश्न मात्र कोपऱ्यात पडून राहिला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस ही संस्था २००९ मध्ये सांगत होती की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवड्याभरात आपोआप जातो. ज्यांचा त्रास महिनाभर चालला त्यांना याच वाक्याच्या आधारे ‘मग हा तुमचा जुना आजारच’ असं सांगितलं गेलं. रुग्णांनी आवाज उठवला, काही संशोधकांनी तो उचलून धरला, आणि २०१९ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आणि नाइसनेही आपली भूमिका बदलली. काहींना हा त्रास तीव्र होतो, काहींना लांबतो, हे अधिकृतपणे मान्य झालं. हे मान्य व्हायला साठ वर्षं लागावीत याचं मला आजही वाईट वाटतं.

किती जणांना असा त्रास होतो? याबाबतीत आकडे एकमेकांशी भांडतात. ब्रिटनमधल्या दोन अभ्यासकांनी केलेल्या एका गाजलेल्या आढाव्याने ५६ टक्के हा आकडा पुढे आणला. पण त्यातल्या काही पाहण्यांमध्ये लोक स्वतःहून उत्तरं द्यायला आले होते, आणि अशा ठिकाणी त्रास झालेलेच जास्त येतात. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीमध्ये आलेल्या जर्मन संशोधकांच्या आढाव्यात ७९ अभ्यास आणि २१ हजारांवर लोक होते. खरं औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं दिसली, आणि औषध नसलेली गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना. म्हणजे खास औषध थांबवल्यामुळे त्रास होणारे साधारण सहा-सात जणांमागे एक, आणि तीव्र त्रास होणारे सुमारे ३ टक्के. मला हा दुसरा हिशेब अधिक काटेकोर वाटतो. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांमध्ये लोकांनी औषध थोडेच महिने घेतलं होतं, आणि तुमच्यासारखं दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांचं चित्र त्यात पुरेसं उमटत नाही. ३ टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. गोळ्या घेणारे लाखांनी असतात तेव्हा तो लहान राहत नाही.

तुमचा त्रास तिसऱ्या दिवशीच का सुरू झाला, याचं उत्तर औषध शरीरातून किती वेगाने जातं यात आहे. एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण तीस तास लागतात. पॅरोक्सेटिनला एक दिवसाच्या आत-बाहेर. व्हेन्लाफॅक्सिनला तर जेमतेम पाच तास, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या क्रियाशील घटकाला अकरा तास. म्हणून व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्याची एक गोळी चुकली तरी संध्याकाळपर्यंत त्याला कळतं. याच्या उलट फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून बनणारा घटक आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतो आणि आपोआपच हळूहळू उतरतो, त्यामुळे त्याचा त्रास कमी होतो किंवा फार उशिरा दिसतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही थांबवायला सर्वांत अवघड औषधं म्हणून ओळखली जातात. तुमचं औषध मधल्या फळीतलं आहे.

आता तुमच्या मनातली खरी भीती. आजार परतला की औषध गेल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? पहिली खूण वेळेची. औषधाचा त्रास बहुधा काही दिवसांत येतो, तर आजार परतायला सहसा आठवडे किंवा महिने लागतात आणि तो हळूहळू अंगावर येतो. दुसरी खूण तुमच्याच पत्रात आहे. वडील गेल्यानंतरच्या दिवसांत तुम्हाला झटके बसत होते का? गरगरत होतं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. मूळ आजारात नसलेलं काही नवंच दिसतंय, तेही शरीराचं, म्हणजे बोट औषधाकडे जातं. तिसरी खूण, हा त्रास लाटांसारखा येतो-जातो. एक दिवस बरा, दुसरा वाईट, पुन्हा बरा. आणि चौथी, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू केली तर बहुधा थोड्याच दिवसांत उतार पडतो. नैराश्य मात्र गोळी घेतल्यावरही आठवड्यांनीच हलतं. रडू येणं, घाबरणं, झोप न लागणं ही लक्षणं दोन्हीकडे असतात, म्हणून फक्त त्यांवरून निष्कर्ष काढू नका. तुमची गोष्ट पाहता आजार परतला असं मला वाटत नाही. निदान मात्र समोर बसवून तपासणाऱ्यानेच करायचं.

डॉक्टर बहुधा दोनपैकी एक सुचवतील. त्रास सोसण्याजोगा असेल आणि ओसरत असेल तर लक्ष ठेवून थांबायचं. नसेल तर गोळी पुन्हा सुरू करून, सगळं शांत झाल्यावर, पायरी पायरीने उतरवायची. दुसरा मार्ग घ्यावा लागला तर पराभव झाला असं समजू नका. पण घरात उरलेलं पाकीट काढून स्वतःच्या मनाने पूर्ण गोळी चालू करू नका. किती मात्रेवर परत जायचं हे मध्ये किती दिवस गेले त्यावर ठरतं.

पायरी पायरीने म्हणजे कसं, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे रूढ पद्धत अशी : दोन आठवडे अर्धी गोळी, मग बंद. कित्येकांना ती चालते. ज्यांना चालत नाही त्यांची अडचण कुठे होते हे मेंदूच्या पेट स्कॅनच्या अभ्यासांतून दिसलं. तुमच्या औषधाच्या भावंडाचं, सिटालोप्रॅमचं, उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमवर ते मेंदूतली सुमारे ८० टक्के दारं अडवतं. मात्रा निम्म्याहून कमी, म्हणजे ९ मिलिग्रॅमवर आणली तरी अडवणूक उतरते फक्त ७० टक्क्यांपर्यंत. ५ च्या आसपासही ती ६० च्या जवळ असते. ४० टक्क्यांवर यायला सव्वादोन मिलिग्रॅमपर्यंत खाली यावं लागतं. बिनसाखरेच्या चहात पहिला अर्धा चमचा पडला की चव पार बदलते, चार चमचे असलेल्या चहात आणखी अर्धा पडला तर कळतही नाही, तसाच हा हिशेब आहे. म्हणजे वरच्या पायऱ्या उतरताना फारसं काही जाणवत नाही, आणि शेवटची ‘अर्धी गोळी ते शून्य’ ही पायरी, जी आपण सर्वांत सोपी समजतो, ती असते खरी मोठी उडी. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हे लॅन्सेट सायकिअॅट्रीत मांडलं. हॉरोविट्झ स्वतः डॉक्टर आणि संशोधक, आणि औषध सोडताना हा त्रास त्यांनी स्वतः भोगलेला. त्यांचं सांगणं असं की मात्रा जितकी लहान होत जाईल तितके टप्पेही लहान करायचे, आणि शेवट शून्यावर न्यायच्या आधी अगदी किरकोळ मात्रेपर्यंत यायचं. काहींना यासाठी काही आठवडे पुरतात, काहींना कित्येक महिने लागतात. एक टप्पा उतरल्यावर दोन ते चार आठवडे थांबायचं, शरीर काय म्हणतं ते पाहायचं, त्रास वाढला तर मागच्या टप्प्यावर परत जायचं. वेळापत्रक कॅलेंडरने ठरवू नका, लक्षणांनी ठरू द्या.

अडचण अशी की एवढ्या लहान मात्रेच्या गोळ्या सहज मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये यातल्या काही औषधांचे थेंब किंवा पातळ औषध डॉक्टर लिहून देतात. नेदरलँड्समध्ये रोज थोडी थोडी कमी होत जाणारी मात्रा छोट्या पुड्यांत भरलेल्या खास पट्ट्या तयार झाल्या आहेत. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, मधोमध रेघ असेल तर तिचे दोन तुकडे करता येतात. त्याच्या खाली कसं जायचं हे डॉक्टरांशी बोला, कुठलं औषध पातळ स्वरूपात मिळतं तेही विचारा. काही वेळा डॉक्टर हळू उतरणाऱ्या फ्लुऑक्सेटिनवर नेऊन तिथून सोडवतात. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही : ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर, ईआर किंवा एक्सआर असं काही लिहिलेलं असेल, ती कुटायची, चावायची किंवा फोडायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध त्याने एकदम अंगात जातं.

आणि हे दिवस काढायचे कसे? गरगरत असेल तोवर स्कूटी चालवू नका. शाळेत रिक्षाने जा किंवा कुणाला सोडायला सांगा. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभ्या राहा. फळ्याकडून वर्गाकडे वळताना झटकन मान फिरवण्याऐवजी सगळं अंग वळवा. मळमळ असेल तर पोट रिकामं ठेवू नका. श्रावणातले उपास या वर्षी बाजूला ठेवलेत तरी चालेल, देव समजून घेईल. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली ठेवा. सकाळी चाला, पण दमछाक होईल असं नको. झोपेसाठी शेजारणीची गोळी किंवा कुणी सुचवलेलं ‘नैसर्गिक’ चूर्ण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. एका वहीत रोज दोन ओळी लिहा : आज झटके किती, झोप कशी, मन कसं. आपण बरे होत आहोत की नाही हे वाईट दिवशी आठवत नाही, वहीत दिसतं. मुख्याध्यापकांना सगळं सांगायची गरज नाही. ‘औषध बदललंय, महिनाभर चक्कर येऊ शकते’ एवढं पुरतं.

पुढच्या वेळी गोळी कमी करायला घ्याल तेव्हा वेळ निवडा. दहावीचे पेपर तपासायचे महिने, घरातलं लग्न, घर बदलणं, हे सगळं सोडून.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. तळपायाची आग होते म्हणून ड्युलॉक्सेटिनची कॅप्सूल चालू होती. गावी गेले असताना पाकीट संपलं, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळालं नाही. दोन दिवसांत प्रचंड चक्कर, घाम, चिडचिड. त्यांना नैराश्य कधीच नव्हतं. मग त्यांना का त्रास व्हावा?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : कारण मेंदूला औषध माहीत असतं, ते कशासाठी दिलं हे माहीत नसतं. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचंच औषध आहे. मधुमेहामुळे नसांना होणाऱ्या वेदनांवरही ते चालतं, म्हणून फिजिशियनही ते देतात. अमिट्रिप्टिलिनचंही तसंच, मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यासाठी ते लहान मात्रेत कितीतरी लोक घेतात. आपण घेतो ते या कुळातलं औषध आहे हे अशा रुग्णांना कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे त्यांना ते बंद करताना काळजी घ्यावी हे सुचत नाही. ड्युलॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बारा तासांत निम्मं होतं, तेव्हा दोन दिवस पुष्कळ झाले. वडिलांना घाम आणि चक्कर आली तेव्हा शुगर तपासलीत ना? मधुमेही माणसाला साखर कमी झाल्यानेही अगदी हेच होतं, आणि ती आधी पाहायची असते. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन कॅप्सूल एकदम देऊ नका. आठवड्याचा साठा कायम जवळ असू द्या, आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये.

प्रश्न : आईला आमच्या जनरल डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी दिली होती. तीन वर्षं ती तेच घेतेय. आता बंद करायची आहे. एकदम केली तर चालेल?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. अजिबात नाही. या जोडगोळीतलं दुसरं औषध, क्लोनाझेपाम, वेगळ्या कुळातलं आहे. दीर्घकाळ घेऊन ते अचानक थांबवलं तर कमालीची अस्वस्थता, हात थरथरणं, झोप पूर्ण उडणं आणि क्वचित आकडी येण्यापर्यंत मजल जाते. आकडी जिवावर बेतू शकते. शिवाय दोन औषधं एका गोळीत असली की ती एकाच वेगाने उतरवावी लागतात, आणि ते बरोबर नाही. मानसोपचारतज्ज्ञ आधी दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत विभागून देतील, मग एकेक कमी करतील. आपल्याकडे ही जोडगोळी ज्या सहजतेने लिहून दिली जाते आणि वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणली जाते, ते मला धोक्याचं वाटतं. क्लोनाझेपाम बहुतेकांना सुरुवातीचे थोडे आठवडेच लागतं. आईला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तोपर्यंत गोळी आहे तशीच चालू ठेवा.

प्रश्न : बायको औषध कमी करतेय. तिच्या अंगावर ओरडायचं नाही हे कळतं, पण घरात नेमकं वागायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात, याचं मोल मोठं आहे. ती चिडली, रडली, तर त्याच क्षणी ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारू नका. माणसाच्या खऱ्या रागालाही रोगाचं लेबल लागतं तेव्हा त्याला फार एकटं वाटतं. सकाळचे डबे, मुलांचा अभ्यास यातलं एखादं काम न सांगता उचला. तिच्या वहीत तिची परवानगी असेल तर तुम्हीही आठवड्यातून एकदा तुम्हाला काय दिसलं ते लिहा. स्वतःतला फरक आपल्याला उशिरा कळतो, घरच्यांना आधी दिसतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र लगेच पावलं उचलायची. एका जागी बसवत नाही इतकी आतून तगमग, अनेक रात्री झोपच नाही, एकाएकी अवास्तव उत्साह आणि अखंड बडबड, किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं बोलणं. शेवटची खूण दिसली तर तिला एकटं सोडू नका, औषधांचे डबे आपल्याकडे घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडी विभागात न्या. आत्महत्येचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो मनात पेरला जात नाही. सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : एवढं सगळं असेल तर मग गोळी आयुष्यभर घेतलेलीच बरी नाही का?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : काहींसाठी होय, बऱ्याच जणांसाठी नाही. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. वारंवार झटके आले असतील तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. इंग्लंडमध्ये झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. बराच काळ गोळ्या घेणाऱ्या, आता बरं वाटणाऱ्या आणि सोडायचा विचार करणाऱ्या ४७८ जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाची गोळी चालू ठेवली, दुसऱ्याची हळूहळू थांबवली, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना कळू दिलं नाही. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार उलटला, थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. गोळी संरक्षण देते, यात शंका नाही. पण गोळी चालू असूनही दर पाचातले जवळजवळ दोघं पुन्हा आजारी पडले, आणि थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. थांबवलेल्या गटातल्या काहींचा ‘आजार उलटणं’ म्हणजे खरं तर औषध सोडल्याचा त्रासच असेल का, यावरही तज्ज्ञांमध्ये वाद आहे. म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पूर्वी किती वेळा आजार झाला, किती तीव्र होता, जिवाला धोका झाला होता का, गोळीचे दुष्परिणाम कितपत जाचतात, समुपदेशनाची जोड आहे का, घरी आधार कसा आहे, गरोदरपणाचा विचार आहे का, हे सगळं मांडून डॉक्टरांबरोबर ठरवा. गरोदर असल्याचं कळल्याबरोबर घाबरून गोळी फेकून देणाऱ्या मुली आहेत. त्यांनी तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायलाच हवा, कारण आईचं नैराश्य उलटणं हेही बाळाच्या हिताचं नसतं. आणि ज्यांना गोळी चालू ठेवणंच योग्य ठरतं त्यांनी ती बीपीच्या गोळीइतक्याच मोकळेपणाने घ्यावी.

प्रश्न : सर्ट्रालिन सोडण्यासाठी मला एक दिवसाआड गोळी घ्यायला सांगितली आहे. चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फ्लुऑक्सेटिन असतं तर चाललं असतं, ते अंगात बराच काळ टिकतं. सर्ट्रालिनचं प्रमाण एका दिवसात निम्म्यावर येतं, तेव्हा एक दिवसाआड घेतल्याने रक्तातली पातळी रोज वर-खाली होते आणि मेंदूला दर दुसऱ्या दिवशी गोळी सुटल्याचा अनुभव येतो. रोज घ्यायची, पण मात्रा कमी करत जायची, हे बरं. ५० ची गोळी घेत असाल तर २५ चीही मिळते. डॉक्टरांना विचारा, ‘रोज २५ घेतली तर?’ असं विचारल्याचा राग बहुतेक डॉक्टरांना येत नाही.